जलसा, मजलिस आणि दाखला

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. शब्द दिसला की त्याचं गाव विचारायचं. मराठीतला ‘जलसा’ हा शब्द घ्या. अरबीत ज-ल-स या धातूचा अर्थ बसणं. त्याच धातूतून ‘मजलिस’ आली, म्हणजे बसायची जागा, बैठक. ‘शाहीर’ हा शब्दही अरबी ‘शाइर’वरून आला. म्हणजे जलसा आणि मजलिस या सख्ख्या बहिणी. लग्न होऊन एक मराठीच्या घरी गेली, दुसरी उर्दूच्या.

आपल्या समाजात मजलिस टिकली, मीलाद टिकला, तकरीर तर लाऊडस्पीकरमुळे रोजचीच झाली. जलसा मात्र आपण दुसऱ्यांचा समजून बाजूला ठेवला. खरं तर लोकांना एकत्र आणून एखाद्या कामाला लावायचं असेल तर गोष्ट कशी सांगावी, याचा उत्तम धडा याच जलशानं घालून दिला आहे, आणि तोही आपल्याच नाशिक जिल्ह्यात.

काळाराम मंदिरासमोरची गर्दी

२ मार्च १९३० रोजी नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषद भरली आणि पंचवटीतल्या काळाराम मंदिरावर मिरवणूक निघाली. सुमारे १५ हजार माणसं त्यात होती. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, त्या चारही दरवाज्यांवर बसल्या. रामनवमीला रथ ओढण्यावरून हाणामारी झाली, दगडफेक झाली. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, या लढ्याची रोजची व्यवस्था सांभाळत होते. सत्याग्रह चार वर्षं चालला. दरवाजे उघडले नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं चार ओळींत येतं. मला मात्र नेहमी वेगळा प्रश्न पडतो. पहिल्या दिवशी १५ हजार माणसं जमवणं अवघड, पण चार वर्षं लोकांना धरून ठेवणं त्याहून अवघड. हे लोक शेतमजूर होते, गावकीच्या कामाला बांधलेले होते. सत्याग्रहाला गेल्याचं कळलं की गावात काम बंद, पाणी बंद. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे बाबासाहेबांची वर्तमानपत्रं त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडूनच पोचत. मग निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या वस्त्यांवर ही चळवळ रात्री कोण घेऊन जात होतं?

कर्डकांचा जलसा

ती जलसाकारांनी नेली. त्यातलं मोठं नाव भीमराव कर्डक यांचं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत जलसे होतेच. तीच परंपरा आंबेडकरी चळवळीनं आपल्या कामाला जुंपली. कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तकही लिहिलं. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा यांची बरोबरी होईल, अशा आशयाचं बाबासाहेब म्हणाले होते, असं चळवळीतली जुनी माणसं अभिमानानं सांगत आली आहेत.

जलशाचा सांगाडा तमाशाचा होता. ढोलकी, डफ, तुणतुणं तेच. गण, गवळण, वग हा क्रमही लोकांच्या ओळखीचा. बदलला तो आतला मजकूर. देवाच्या आळवणीच्या जागी समतेची आळवणी आली. गवळणींच्या थट्टेच्या जागी बायकांच्या तोंडी मुलांच्या शाळेचा, स्वच्छतेचा, नवऱ्याच्या दारूचा विषय आला. वगात राजा-प्रधान येण्याऐवजी पाटील, सावकार, भटजी आणि आपल्याच वस्तीतला एक घाबरलेला माणूस आला. तो म्हणणार, बापजाद्यांनी मेलेली जनावरं ओढली, मग मी का नाही ओढायची? दुसरा त्याला उलट प्रश्न विचारणार. समोर बसलेल्या माणसाला कळायचं, हे माझंच घर चाललंय. आधी तो हसायचा, मग गप्प व्हायचा.

जलशाची ताकद दोन गोष्टींत होती, असं मला वाटतं. एक, गोष्ट ऐकणाऱ्याच्या घरातली होती. दुसरं, गोष्टीच्या शेवटी काम होतं. मुलाला शाळेत घाल, मेलेलं ढोर ओढू नकोस, अमुक तारखेला सत्याग्रहाला ये. लोक नुसते भारावून घरी जात नव्हते, काहीतरी ठरवून जात होते.

अमेरिकेत शेतमजुरांच्या संघटनेत अनेक वर्षं काम केलेले मार्शल गँझ पुढे हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. कार्यकर्त्यानं आधी स्वतःची गोष्ट सांगावी, मग आपल्या सगळ्यांची, आणि शेवटी आत्ता काय करायचं त्याची, अशी तीन पायऱ्यांची रीत ते शिकवतात. जगभरच्या संघटना ती शिकायला जातात. शिकू द्या. आमच्या जिल्ह्यात गॅसबत्तीच्या उजेडात ती नव्वद वर्षांपूर्वी चालू होती, आणि शिकवणारे बरेचसे निरक्षर होते. पुढच्या पिढीतले लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली, पण त्यांची गाणी गावोगाव पोचली.

बार्शीचा महबूब

हे दलितांचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक नाव : महबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी, जिल्हा सोलापूर. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संपात तुरुंगवास. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. १९४४ मध्ये त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग समाजातला, एक मुसलमान आणि तिसरे गवाणकर. या पथकानं बंगालच्या दुष्काळासाठी पोवाडे गायले, कामगारांच्या संपात गायले, आणि फाळणीच्या वेळी पंजाब-दिल्लीत माणसं कापली जात असताना त्या दंग्यावरचा पोवाडाही केला. पुढे मुंबई सरकारनं या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. गोष्टीत दम नसता तर सरकारनं एवढे कष्ट घेतले नसते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा पहाडी आवाज सभेच्या आधी घुमायचा. त्याच काळातली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही रचना बघा. मुंबईत पोटासाठी आलेला एक मजूर गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप सांगतो, निघतानाचा तिचा चेहरा सांगतो. मग मुंबईचे हाल सांगतो. आणि तिथून तो बेळगाव-कारवारकडे वळतो : जशी माझी मैना दूर राहिली, तसा माझा मराठी मुलुखही तुटून राहिला. गिरणगावातल्या ज्या माणसाला राज्य पुनर्रचना आयोग म्हणजे काय हे कळत नव्हतं, त्याला घर सुटणं कळत होतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्यात अशा रचनांचा वाटा किती, हे मोजायला माप नाही. पण सभेला आलेल्या माणसांना विचारा, त्यांना भाषणं आठवत नाहीत, गाणी आठवतात. १९६९ साली जुलैत अण्णा भाऊ गेले आणि दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

मराठी मुसलमानानं या राज्यासाठी काय केलं, असं कुणी विचारलं की आपण सनावळ्या शोधायला लागतो. अमर शेखांचं नाव पुरेसं आहे. तरीही आपल्या किती घरांत ते माहीत आहे?

आपण कोणाची गोष्ट सांगतो?

आता आपल्या सभांकडे येऊ. तिथं गोष्टी कमी नसतात. बादशहा असतात, फौजा असतात, किल्ले आणि इमारती असतात. ऐकताना छाती फुगते. पण सभेतून उठून जाणारा माणूस हातगाडी ढकलणारा असतो, गॅरेजमध्ये काम करणारा असतो, मालेगावच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा असतो. बादशहाच्या गोष्टीत त्याचा बाप कुठंच नाही. आणि उद्या सकाळी त्यानं काय करायचं, हेही त्या गोष्टीत नाही.

मालेगावचंच उदाहरण. मोसम नदीच्या काठी वसलेल्या या गावात १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर आले. हातमाग होते, मग यंत्रमाग आले. या लोकांना उत्तरेत ‘जुलाहा’ म्हणत, आणि जुलाहा म्हणजे मूर्ख अशा म्हणी नि किस्से तिकडे घरोघर. या गोष्टी अर्थातच विणकरांनी रचलेल्या नव्हत्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मोमीन चळवळ उभी राहिली. विणकरांनी आपली नावं बदलली, ‘मोमीन’ म्हणवून घेतलं, ‘अन्सारी’ म्हणवून घेतलं, मदीनेच्या अन्सारांशी नातं सांगितलं. मोमीन कॉन्फरन्सनं पुढे मुस्लिम लीगच्या पाकिस्तानच्या मागणीलाही विरोध केला. दुसऱ्यांनी सांगितलेली आपली गोष्ट खोडून स्वतःची सांगायची, हे त्यांनी जाणलं होतं.

पण नाव बदलण्याची दुसरी बाजूही आहे. गेल्या वर्षी जुलाहा, यंदा शेख, पुढच्या वर्षी धान्य महाग विकलं गेलं तर सय्यद, अशी एक जुनी फारसी-उर्दू टवाळी आहे. टवाळी सोडा, पण त्यातली वेदना खरी आहे. कष्टाचं नाव लपवून मोठं नाव लावलं की इज्जत मिळेल, या आशेनं आपल्या कितीतरी घरांत आजोबांच्या धंद्याची गोष्ट नातवंडांना सांगितलीच गेली नाही. पिंजारी, मन्यार, अत्तार, बागवान, खाटीक, तांबोळी ही नावं घरात दबक्या आवाजात राहिली. बाहेर सगळे शेख आणि खान.

फळवाल्याचा मुलगा

ही दबकी नावं मोठ्यानं उच्चारण्याचं काम महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीनं केलं. जालन्याचे शब्बीर अन्सारी हे तिचे प्रमुख संघटक. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारनं मंडल आयोग लागू करायची घोषणा केली, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मान्यता दिली. मंडलच्या यादीत मुस्लिम बिरादऱ्याही होत्या. पण आपल्याच लोकांना ते सांगणार कोण, आणि पटवणार कोण? इस्लाममध्ये जात नाही, तुम्ही कौम फोडताय, हा पहिला आक्षेप घरातूनच आला.

या चळवळीच्या व्यासपीठावर एक माणूस येऊन उभा राहिला : दिलीपकुमार. युसूफ खान. जन्म १९२२, पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजाराजवळच्या मोहल्ल्यात. किस्सा ख्वानी म्हणजे गोष्टी सांगण्याचा बाजार. प्रवासी, व्यापारी तिथं चहा पीत किस्से ऐकत. वडील गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. त्यांच्या धंद्यामुळे कुटुंब इकडे आलं. युसूफचं शिक्षण देवळालीच्या बार्न्स शाळेत झालं, म्हणजे आपल्या नाशकात, आणि त्यांच्या आईवडिलांच्या कबरीही देवळालीतच आहेत.

सिनेमाचा बादशहा म्हणून लोक त्यांना बघायला येत. दिसायचा तो फळवाल्याचा मुलगा. महाराष्ट्रात फळं-भाजी विकणारी मुस्लिम बिरादरी म्हणजे बागवान. ज्या माणसाला आपली गोष्ट लपवायची सगळी सोय होती, तो कष्टकरी बिरादऱ्यांच्या सभेत येऊन बसला. समोरच्या बागवानाला, पिंजाऱ्याला त्यातून जे कळलं, ते कुठल्याही भाषणातून कळलं नसतं : यात शरम कसली?

७ डिसेंबर १९९४ रोजी महाराष्ट्र सरकारनं आदेश काढला आणि मुस्लिम मागास बिरादऱ्यांना ओबीसींच्या सवलती मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. पुढे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं २००४-०५ च्या नमुना पाहणीच्या आधारे देशातल्या मुस्लिमांपैकी ४०.७ टक्के लोक ओबीसी असल्याचं नोंदवलं. म्हणजे हा विषय चार-दोन घरांचा कधीच नव्हता.

जात मानू नका, हे मलाही मान्य आहे. मशिदीच्या सफेत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, त्याचा मला अभिमान आहे. पण सफेतून उठल्यावर सोयरीक जमवताना आणि पोराला धंद्याला लावताना काय होतं, तेही आपण सगळे बघतो. आजारच नाही म्हटल्यानं औषध मिळत नाही.

गोष्ट आणि कागद

हा विषय मला पुस्तकातून नाही, शाळेच्या ऑफिसातून कळला. ओबीसीचा जातीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख धरतात. त्याआधीचा पुरावा लागतो : आजोबांचा, चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जनरल रजिस्टरमधली नोंद, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. त्या नोंदीत जातीच्या रकान्यात बिरादरीचं नाव हवं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं : मुसलमान. संपला विषय.

पालक सभेत मी आयांना विचारते, तुमच्या दादा-परदादांचा धंदा काय होता? पहिलं उत्तर ठरलेलं : “आपा, हमारे में कैसी जात?” मग मी माझ्या घरची गोष्ट सांगते. माझे पणजोबा बैलगाडीवर बांगड्या घालून बाजार करायचे, आम्ही मन्यार. हे सांगितलं की दोन मिनिटं शांतता, मग एकेक तोंड उघडतं. कुणाची सासू म्हणते, आमच्याकडे अत्तराची पेटी होती. एकदा एका म्हाताऱ्या आजीनं सांगितलं की तिचे सासरे धनुकली खांद्याला लावून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे, आणि आपण कुठल्या गावात राहत होतो ते गावाचं नावही सांगितलं. तो धागा धरून तिचा नातू त्या गावच्या शाळेत गेला. जुनं रजिस्टर निघालं. चुलत आजोबांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात ‘पिंजारी’ लिहिलेलं होतं. दाखला मिळायला आणि पडताळणी व्हायला वर्ष गेलं, पण झाली.

दुसऱ्या एका घरानं तितकीच खरी गोष्ट सांगितली. कागद मिळाला नाही. शाळेच्या जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. त्यांना दाखला मिळाला नाही. गोष्ट म्हणजे कागद नव्हे, हे मी कुणापासून लपवत नाही. पण गोष्टीशिवाय कागद कुठं शोधायचा, हेच कळत नाही. ज्या घरात आजीनं गोष्टच सांगितली नाही, त्या घराला कुठल्या गावची वही उघडायची हे कोण सांगणार?

पुढारी ओळखायचा कसा?

गोष्ट दुधारी असते. तीच गोष्ट माणसांना उभं करते, तीच माणसांना पेटवून रस्त्यावर सोडते. दंग्याच्या आधीही कुणीतरी गोष्टच सांगत असतं. म्हणून गोड गळा, डोळ्यांत पाणी, शेरोशायरी यावरून मी पुढारी ठरवत नाही. नाशिकच्या जलशावरून मी तीन प्रश्न शिकले. या गोष्टीत ऐकणारा आहे का, की फक्त सांगणारा आहे? गोष्ट संपल्यावर करायला काही काम दिलं का, की नुसता राग दिला? आणि या कामाची किंमत सांगणारा स्वतःही मोजणार आहे का? कर्डकांचा जलसा ज्या वस्तीत व्हायचा, त्याच वस्तीतून त्यांचे साथीदार आलेले होते. अमर शेख तुरुंग बघून आले होते. तिसऱ्या प्रश्नाशी आले की आजचे अनेक वक्ते गाडी काढायला सांगतात.

आपल्याला नव्या वक्त्यांची गरज नाही. मीलाद आहे, बचत गटाची बैठक आहे, पालक सभा आहे, मोहल्ल्याची मजलिस आहे. त्यातली पंधरा मिनिटं आपल्या कष्टकरी पूर्वजांना द्या. कोण कुठून आलं, काय विकायचं, काय विणायचं, पहिली शाळा कुणी बघितली. आणि हे काम आत्ताच करायला हवं, कारण १९६७ च्या आधीचं ज्यांना नीट आठवतं ती माणसं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. येत्या जुम्याला दुपारी जेवण झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. गावाचं नाव, धंद्याचं नाव, शाळेचं नाव, या तीन गोष्टी आधी लिहा. बाकीचं ती माणसं आपणहून सांगतील.